पालिका बाजारातला गेमबॉय : हातात मावणाऱ्या साहसांची दिल्लीतली गोष्ट

आजचा विषय थोडा वेगळा आहे. राजेरजवाडे नाहीत, लढाया नाहीत. आज आपण बोलणार आहोत खिशात मावणाऱ्या व्हिडिओ गेमबद्दल, त्यातही साहसी गेमबद्दल, आणि दिल्लीत हे गेम शोधणाऱ्या लोकांबद्दल.

हा काय इतिहासाचा विषय झाला, असं कुणाला वाटेल. म्हणून आधी एक आकडा सांगतो. निन्टेंडो कंपनीच्या हिशेबाप्रमाणे गेमबॉय आणि गेमबॉय कलर मिळून जगभरात सुमारे ११ कोटी ८७ लाख नग विकले गेले. हा हिशेब तीन रकान्यांत आहे : जपान, अमेरिका खंड आणि 'इतर'. भारताला वेगळा रकाना नाही. त्यात आपल्याकडे आलेला गेमबॉय बहुतेक वेळा कुणाच्या तरी सामानातून आलेला. तो दुबईत, हाँगकाँगमध्ये किंवा न्यू जर्सीत विकला गेला आणि तिथल्याच खात्यात मोजला गेला. इथे ना पावती, ना वॉरंटी कार्ड. लाखो मुलांच्या लहानपणाचा एक भाग आणि त्याचा कागद कुठेच नाही. कागद नसलेल्या गोष्टीचा इतिहास कसा लिहायचा, हा आजचा खरा प्रश्न आहे.

कॅल्क्युलेटरवरून सुचलेली कल्पना

सुरुवात जपानपासून करू. निन्टेंडो ही क्योटोची कंपनी, १८८९ साली स्थापन झालेली, आणि तेव्हा ती पत्ते बनवायची. तिथे गुनपेई योकोई नावाचे एक अभियंते होते. त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की त्यांनी बुलेट ट्रेनमध्ये एका कंटाळलेल्या नोकरदाराला कॅल्क्युलेटरची बटणं उगीचच दाबत बसलेलं पाहिलं. त्यावरून त्यांना खिशातल्या खेळाची कल्पना सुचली, आणि १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' बाजारात आला. एक गेम, एक घड्याळ, आणि कॅल्क्युलेटरमध्ये असतो तसा साधा पडदा.

योकोईंचं एक तत्त्व होतं. सगळ्यात नवं, महाग तंत्रज्ञान वापरू नका. जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, ज्याचे सगळे दोष माहीत झालेत असं तंत्रज्ञान घ्या आणि त्याचा वेगळाच उपयोग शोधा. एप्रिल १९८९ मध्ये जपानात आलेला गेमबॉय म्हणजे या तत्त्वाचं उत्तम उदाहरण. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. रंग नाहीत, हिरवट करड्या चार छटा फक्त. मागून प्रकाश नाही. दीड वर्षाने आलेल्या सेगाच्या गेम गियरमध्ये रंगीत, उजळ पडदा होता, पण तो सहा पेन्सिल सेल काही तासांत संपवायचा. गेमबॉयला चार सेल लागायचे आणि ते कितीतरी जास्त टिकायचे. ज्या घरात सेल संपला की दुसरा आणायला बाबांची मनधरणी करावी लागते, त्या घराला या फरकाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

साहसी गेम म्हणजे नेमकं काय

गेम दोन तऱ्हेचे असतात असं ढोबळमानाने म्हणू. पहिल्या तऱ्हेत तुम्ही हरेपर्यंत खेळता. विटा पडतात, साप वाढतो, कधीतरी खेळ संपतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. दुसऱ्या तऱ्हेत एक जग असतं, एक नकाशा असतो, गावातली माणसं बोलतात, कुणीतरी काहीतरी मागतं, ती वस्तू तीन गावं ओलांडून आणावी लागते. हा गेम एका बैठकीत संपत नाही. आठवडे लागतात. म्हणून 'सेव्ह' लागतो, म्हणजे आज जिथे थांबलो तिथूनच उद्या सुरू करण्याची सोय.

हातातल्या साहसी गेमचं एक मोठं नाव म्हणजे १९९३ चा 'द लेजंड ऑफ झेल्डा : लिंक्स अवेकनिंग'. याची सुरुवातही गंमतीची आहे. निन्टेंडोतला एक प्रोग्रॅमर, काझुआकी मोरिता, कामाचे तास संपल्यावर गेमबॉयवर झेल्डासारखं काहीतरी करून बघत होता. ते अधिकृत काम नव्हतं. हळूहळू इतर मंडळी सामील झाली आणि ताकाशी तेझुका यांच्या दिग्दर्शनाखाली त्याचा पूर्ण गेम झाला. अख्खं बेट, त्यावरची माणसं, भुयारं, गाणी, सगळं मिळून ५१२ किलोबाइट. आज तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता तो एखादा फोटोही यापेक्षा मोठा असू शकतो.

या गेममध्ये गावात एक दुकान आहे. दुकानदाराची नजर चुकवून तिथली वस्तू उचलता येते. पण उचललीत की पुढे सगळा गाव तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारणं सोडतो आणि 'चोर' म्हणायला लागतो. आणि पुन्हा त्या दुकानात गेलात, तर दुकानदार जिवंत सोडत नाही. हा तपशील लक्षात ठेवा, आपण आता दिल्लीच्या बाजारात शिरतोय.

बंद दारं आणि उघडे बाजार

आपल्याकडे ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कितीतरी वर्षं बंधनं होती. १९९१ च्या उदारीकरणानं सगळं एका रात्रीत खुलं झालं असं आपण म्हणतो, पण ते तितकंसं खरं नाही. यंत्रसामग्री, कच्चा माल यांची वाट आधी मोकळी झाली. ग्राहकोपयोगी वस्तूंवरची संख्यात्मक बंधनं बरीच मागे राहिली. अमेरिकेने १९९७ मध्ये हा वाद जागतिक व्यापार संघटनेत नेला, भारत हरला, आणि मग १ एप्रिल २००० ला ७१४ आणि १ एप्रिल २००१ ला ७१५ वस्तूंवरची बंधनं उठली. म्हणजे परदेशी खेळण्यांच्या बाबतीत आपलं १९९१ बऱ्याच अंशी २००१ ला उजाडलं.

मधल्या काळात ज्यांनी सरळ वाटेनं यायचा प्रयत्न केला त्यांचं काय झालं? सेगाचा मेगा ड्राइव्ह १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीमार्फत भारतात आला. आयातशुल्क ८० टक्क्यांच्या घरात, ते टाळण्यासाठी केलेली ही व्यवस्था. तरीही किंमत १८ हजार रुपये. १९९५ चे १८ हजार! मध्यमवर्गीय घरात तेव्हा एवढ्यात रंगीत टीव्ही यायचा.

सरळ वाट इतकी महाग असली की आडवाट तयार होते. दिल्लीत या आडवाटेची तीन ठिकाणं प्रसिद्ध.

पहिलं, करोल बागेतलं गफार मार्केट. खान अब्दुल गफार खान यांच्या नावाचा हा बाजार 'इम्पोर्टेड' मालासाठी ओळखला जायचा. करोल बाग आणि पहाडगंज हा दिल्लीतल्या मराठी कुटुंबांचाही जुना भाग, पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे. म्हणजे त्या भागातल्या मराठी मुलांना हा बाजार चालत जाण्याच्या अंतरावर.

दुसरं, लाल किल्ल्यासमोरचं लाला लजपतराय मार्केट. इलेक्ट्रॉनिक्सचा घाऊक बाजार. टीव्हीला जोडायचे नकली गेम, त्यांच्या 'कॅसेट' आणि हातातले ब्रिक गेम यांचे ढीग तिथे मिळायचे. कार्ट्रिज हा शब्द आपल्याकडे कुणी वापरलाच नाही. दिल्लीत, मुंबईत, नागपुरात, सगळीकडे ती 'कॅसेट'च.

तिसरं आणि सगळ्यात नामांकित, कनॉट प्लेसचा पालिका बाजार. जमिनीखाली, वातानुकूलित, १९७० च्या दशकाच्या शेवटी बांधलेला. याच जागी आधी इंडियन कॉफी हाउस होतं, जिथे पत्रकार, लेखक, पुढारी तासन्‌तास बसायचे. आणीबाणीत, १९७६ साली, ते पाडलं गेलं. सरकारविरोधी गप्पांचा अड्डा गेला आणि त्या जागेवर खाली बाजार उभा राहिला. पुढे याच तळघरात काही पिढ्यांनी आपला पहिला व्हिडिओ गेम घेतला. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या कार्यालयाने २०२१ सालासाठी जगातल्या 'कुप्रसिद्ध बाजारां'ची यादी काढली, त्यात पालिका बाजार होता. आपलं मुंबईचं हीरा पन्नाही होतं. म्हणजे गावाने 'चोर' म्हटलंच! पण या 'चोर' बाजाराशिवाय दिल्लीच्या मुलाला हा खेळ दिसला तरी असता का, हेही विचारायला हवं.

मग साहसी गेम का आले नाहीत?

नव्वदच्या दशकात आपल्याकडे हातातला गेम म्हणजे ब्रिक गेम, '९९९९ इन १' लिहिलेला. टीव्हीवर मारिओ आणि कॉन्ट्रा. झेल्डा खेळलेला माणूस मात्र विरळा. आपल्या मुलांना गोष्टी आवडत नव्हत्या म्हणून असं झालं का? मुळीच नाही. कारणं बाजाराच्या रचनेत आहेत.

पहिलं कारण, तासावर खेळायची पद्धत. ज्यांच्या घरी गेम नव्हता ते पार्लरमध्ये तासाचे पैसे देऊन खेळत. तासाभरात कॉन्ट्रा पुरेपूर वसूल होतो. साहसी गेममध्ये तास गावातल्या लोकांशी बोलण्यातच जातो, आणि दुसऱ्या दिवशी जाल तोवर दुसऱ्याच कुणीतरी तुमच्या सेव्हवर आपला सेव्ह चढवलेला असतो.

दुसरं कारण, कॅसेटच्या आतलं. एका कॅसेटमध्ये पन्नास गेम कोंबायचे तर ते लहान हवेत. साहसी गेम आकाराने मोठे. शिवाय सेव्ह टिकवण्यासाठी खऱ्या कॅसेटमध्ये वेगळी स्मृतिचिप आणि नाण्याएवढा एक सेल असतो. नकली माल बनवणारा पहिली काटकसर तिथेच करतो. गेम सुरू होतो, छान चालतो, आणि बंद केला की सगळं पुसलं जातं.

तिसरं कारण, भाषा. गेमबॉयला प्रदेशाचं बंधन नव्हतं, जपानची कॅसेट कुठल्याही यंत्रात चालायची. त्यामुळे सामानातून येणाऱ्या मालात जपानी कॅसेट असणं साहजिक. मारामारीचा गेम जपानीत असला तर काही बिघडत नाही. पण 'पूर्वेच्या गुहेतली किल्ली आण' हे जपानीत लिहिलेलं असेल, तर दहा वर्षांच्या मुलाने करायचं काय? इंग्रजी कॅसेट मिळाली तरी दिल्लीतल्या किंवा लातूरमधल्या मुलाला ती इंग्रजी अवघडच. गोष्ट सांगणारा गेम त्यामुळे एका ठरावीक वर्गाच्या घरापुढे गेला नाही.

२००३ नंतर

हे चित्र बदललं पोकेमॉनमुळे. मूळ गेम सातोशी ताजिरी यांचा. त्यांना लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता, त्यातून ही कल्पना आली, आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानात गेमबॉयवर तो गेम आला. आपल्याकडे मात्र २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर आधी मालिका आली. म्हणजे आपल्या मुलांना गोष्ट आधी हिंदीत माहीत झाली, गेम नंतर हातात आला. भाषेची अडचण अर्धी तिथेच सुटली.

गेमबॉय अ‍ॅडव्हान्स तेव्हा पालिका बाजारात मिळत होता, पण बहुतेकांना तो परवडणारा नव्हताच. मग तो खेळला गेला कॉम्प्युटरवर. व्हिज्युअलबॉय अ‍ॅडव्हान्स नावाचा एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरला गेमबॉयसारखं वागायला लावणारा प्रोग्राम, सायबर कॅफेतून, सीडीवरून, पेन ड्राइव्हवरून पसरला. हातात धरायचा गेम आपल्या एका अख्ख्या पिढीने कीबोर्डवर खेळला. यात सेव्हचा प्रश्नही सुटला. सेव्ह म्हणजे एक फाइल, ती पेन ड्राइव्हवर घेऊन मित्राकडे जाता यायचं.

पुढे सोनीचा पीएसपी अधिकृतपणे भारतात विकला गेला, आणि मग मोबाइल आले. निन्टेंडोचा २०१७ चा स्विच पुन्हा बाहेरच्या वाटेनेच आला. चाळीस वर्षांत बरंच बदललं, पालिका बाजाराचं काम तेवढं राहिलं.

आज शोधायचं तर

आता कामाचं बोलू. कपाटातून जुना गेमबॉय निघाला किंवा बाजारात समोर आला, तर काय पाहायचं?

यंत्र सुरू केल्यावर वरून खाली निन्टेंडोचं नाव उतरतं. ही नुसती शोभा नाही. यंत्र कॅसेटमधलं ते चित्र वाचतं, आपल्याकडच्या नमुन्याशी ताडून पाहतं, आणि जुळलं तरच पुढे जातं. नावाच्या जागी काळा चौकोन दिसला तर यंत्राला कॅसेट वाचताच येत नाहीये. बहुतेक वेळा कॅसेट मेलेली नसते, तिची टोकं मळलेली असतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हळूच पुसा. फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनीच मारली आहे, पण तोंडातल्या ओलाव्यानं धातू गंजतो.

पडद्यावर उभ्या रेषा गायब असतील तर सोडून देऊ नका, आतल्या पट्टीची जोडणी गरम करून बऱ्याचदा त्या परत येतात. सेलच्या खणात पांढरट-हिरवी पूड असेल तर सेल गळलेले आहेत, किंमत त्या हिशेबाने करा.

कॅसेट खरी की नकली? गेमबॉयच्या खऱ्या कॅसेटला साधा चौफुली स्क्रू नसतो, वेगळ्या घडणीचा असतो. लेबलवर उजेड तिरका पाडला तर दाबून उठवलेले बारीक अंक दिसतात. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटमध्ये खालून पाहिलं की टोकांच्या वर पट्टीवर निन्टेंडोचं नाव छापलेलं दिसतं. दुकानात उभं राहूनच सेव्ह करा, बंद करा, पुन्हा सुरू करा. सेव्ह राहिला तरच पैसे द्या.

यंत्र घेताना हेही बघा : गेमबॉय अ‍ॅडव्हान्स आणि त्याचं घडीचं रूप एसपी यांत जुन्या गेमबॉयच्या कॅसेटही चालतात. डीएस लाइटमध्ये अ‍ॅडव्हान्सच्या चालतात, त्याआधीच्या नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅसेटमधला सेल. १९९३ च्या कॅसेटला तीस वर्षं उलटून गेली. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये घड्याळही त्याच सेलवर चालतं, म्हणून तो आणखी लवकर संपतो. सेल संपला की तुमच्या दादाने नववीच्या सुट्टीत जमवलेलं सगळं गेलं. सेल बदलता येतो, नेहरू प्लेस किंवा गफार मार्केटमधल्या मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला हे डाग देण्याचं काम अवघड नाही. पण सेल काढला की सेव्ह पुसला जातो. त्यामुळे आधी यूएसबी रीडरने सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मगच कॅसेट उघडा.

कायदा आणि कचरा

कॉपी करणं चोरी नाही का? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(एए) आहे. प्रोग्रामची प्रत ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे, त्याला ती नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप करता येतो. तुमच्या कॅसेटचा बॅकअप आणि इंटरनेटवरून उतरवलेले हजार गेम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण विकत घ्यायची इच्छा असली तरी काय मिळतं? अमेरिकेच्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात उपलब्धच नव्हते. गेमबॉय कुटुंबातले तर सहा टक्केही मिळत नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोने थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान बंद केलं, जिथे जुने गेमबॉयचे गेम रीतसर विकत मिळायचे. झेल्डासारख्या नामांकित गेमचं बरं आहे, २०१९ मध्ये तो नव्याने बनवला गेला. बाकीच्यांकडे कोण बघणार?

शेवटी एक तुलना. अमेरिकेत रॉचेस्टरच्या संग्रहालयात खेळण्यांचं मानाचं दालन आहे, तिथे २००९ मध्ये गेमबॉयला जागा मिळाली. आपल्याकडे सरकारी कागदावर हातातल्या व्हिडिओ गेमचा उल्लेख शोधलात तर तो सापडतो २०२२ च्या ई-कचरा नियमांच्या परिशिष्टात. येताना नोंद नाही, जाताना कचरा म्हणून नोंद. दिल्लीत हा कचरा सीलमपूरला जातो, तिथे पट्ट्या फोडून तांबं आणि सोनं काढतात. चिपमध्ये कुणाचा सेव्ह होता, हे बघायला तिथे कुणाला वेळ असणार?

म्हणून माझी एक विनंती आहे. घरात असा एखादा गेम असेल तर भंगारात देण्याआधी एक कागद घ्या. तो कुणी आणला, कुठल्या बाजारातून, कोणत्या साली, किती रुपयांना, आणि त्यावर कोण काय खेळायचं, एवढं लिहा. आजी-आजोबांना विचारून पानिपतपर्यंतची वंशावळ लिहिणारी माणसं आहोत आपण, ताईच्या गेमबॉयबद्दल चार ओळी लिहायला हरकत नसावी. कंपनीच्या रकान्यात आपण 'इतर' आहोत. आपला रकाना आपल्यालाच भरावा लागेल.

भेटूया पुढच्या भागात.